खवले मांजर कॅमेऱ्यात टिपताना: कोकणातल्या रानासाठी सविस्तर मार्गदर्शक

खवले मांजराचा, म्हणजे पँगोलिनचा, व्हिडिओ हवाय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कॅमेरा कोणता घ्यायचा? त्याचं उत्तर पुढे येईलच. त्याआधी दुसराच प्रश्न निकाली काढावा लागतो: तुमची चित्रफीत बघून एखादा शिकारी त्या जागेवर पोचू शकेल का? ताडोबात वाघ आहे हे जगजाहीर आहे आणि त्याच्यावर पहाराही आहे. खवले मांजर राहतं ते काजूच्या बागेमागच्या डगरीत, कुणाच्या तरी सामाईक सातबाऱ्यावरच्या रानात. तिथं ना चौकी, ना गस्त. ते नेमकं कुठं आहे हे फारसं कुणाला माहीत नाही, एवढाच काय तो त्याचा बचाव. म्हणून कॅमेऱ्याची जागा असो, फाइलचं नाव असो की गावात विचारायचा प्रश्न, शिकाऱ्याला याचा काही उपयोग होईल का हे आधी बघायचं.

हा लेख कोकण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. घाटमाथ्यावर किंवा गोव्याच्या बाजूला काम करणाऱ्यांना थोडाफार फरक करून वापरता येईल.

आधी प्राणी समजून घ्या

जगात खवले मांजराच्या आठ जाती मानल्या जातात, चार आशियातल्या आणि चार आफ्रिकेतल्या. भारतात दोन: ईशान्येकडे चिनी खवले मांजर आणि बाकी बहुतेक देशात भारतीय खवले मांजर. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत भारतीय खवले मांजर 'संकटग्रस्त' गटात आहे. जानेवारी २०१७ पासून आठही जाती सायटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आल्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. मागणी खवल्यांना. हे खवले केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच द्रव्याचे. २०२० मध्ये चीननं आपल्या औषधकोशातून ते वगळले, तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही.

चित्रण करणाऱ्यानं लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. हा प्राणी निशाचर आणि एकलकोंडा. नजर अधू, नाक मात्र विलक्षण तिखट. तोंडात दात नाहीत. लांब चिकट जिभेनं वाळवी आणि मुंग्या टिपायच्या, हेच त्याचं जेवण. पुढच्या पायांची नखं लांब आणि वाकडी असल्यामुळे ती आत मुडपून तो चालतो. मादीला एका वेळी बहुतेकदा एकच पिल्लू होतं आणि ते तिच्या शेपटीच्या बुडाशी बसून हिंडतं. घाबरला की तो पळत नाही, अंगाचं वेटोळं करून तिथंच पडून राहतो. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणसापुढे नाही, कारण माणूस त्याला सरळ पोत्यात घालतो.

यातून चित्रणाचा एक नियम निघतो. तुमच्यासमोर खवले मांजरानं वेटोळं केलं, तर ते चित्रण तिथंच संपलं. कॅमेरा बंद करून मागे फिरायचं. ते कधी उलगडतंय याची वाट बघत बाजूला उभं राहणं म्हणजे त्याचा रात्रीचा चरायचा वेळ खाणं.

परवानगी: कुणाची, कशासाठी

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, खवले मांजर आहे. शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद होऊ शकते. हौशी चित्रण करणाऱ्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट पुढची: कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं तर आहेच, पण पकडणं, हुसकावणं, सापळा लावणं आणि आमिष दाखवणंही आहे. तेव्हा वाळवीचं वारूळ फोडून कॅमेऱ्यासमोर ठेवावं, बिळात धूर घालून प्राणी बाहेर काढावा, असले सल्ले कुणी दिले तर ऐकू नका. चित्रीकरण राहील बाजूला आणि गुन्हा दाखल होईल.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल, उदाहरणार्थ फणसाड किंवा कोयना, तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाची लेखी परवानगी लागते. अर्जात कॅमेऱ्यांची संख्या, कालावधी, चित्रणाचा हेतू आणि माहिती कुणाला देणार हे लिहावं लागतं. राखीव वनात उपवनसंरक्षकांकडे अर्ज करायचा. कोकणात मात्र रानाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे आणि खरी गंमत तिथंच सुरू होते. सातबाऱ्यावर दहा नावं, त्यातली निम्मी मुंबईला. सगळ्यांच्या सह्या मिळणं अवघड, पण निदान जमीन कसणारा, गावात राहणारा हिस्सेदार आणि मुंबईतला एखादा मोठा भाऊ, एवढ्यांना विश्वासात घ्याच. सरपंच आणि पोलीस पाटील यांना कळवा. जमीन खासगी असली तरी प्राणी अनुसूची १ मधला असल्यानं वनक्षेत्रपालांना लेखी पत्र देऊन त्याची पोच घ्यायची. ही पोच सोबत असली की रात्री रस्त्यावर कुणी अडवलं तर प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

रेडिओ-टॅग लावणं, पकडून मोजमाप घेणं, नमुने घेणं हा या लेखाचा विषय नाही. मध्य प्रदेशात वनविभाग आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट यांनी खवले मांजरांना टॅग लावून अभ्यास केला आहे. ते पशुवैद्य आणि वेगळी परवानगी असलेल्यांचं काम.

गावात चौकशी करायची रीत

खवले मांजर कुठं दिसतं हे गुराख्याला, काजूच्या बागेत राखणीला असणाऱ्याला आणि पूर्वी पारधीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. त्यांच्याशी बोलल्याशिवाय कॅमेरा लावू नका. पण विचारताना चार पथ्यं पाळावी लागतात.

एक, पैसे द्यायचे नाहीत. 'दाखवाल तर पाचशे देतो' म्हटलं की त्या प्राण्याला गावात भाव आला, आणि तुम्ही दिलेल्यापेक्षा जास्त देणारा कुणीतरी असतोच. दिवसभर सोबत रानात फिरणाऱ्याला मजुरी जरूर द्या. ती त्याच्या दिवसाची, प्राणी दाखवल्याची नव्हे.

दोन, चहाच्या टपरीवर हा विषय काढायचा नाही. घरी, ओटीवर बसून बोला.

तीन, 'बीळ कुठं आहे?' असा प्रश्न नको. 'शेवटचं कधी दिसलं, कुठल्या महिन्यात, रात्री किती वाजता, काय करत होतं?' असं विचारा. जागा आपसूक कळते.

चार, छायाचित्रांचा एक संच सोबत ठेवा: साळिंदर, घोरपड, उदमांजर, मुंगूस, खवले मांजर आणि मुद्दाम घातलेलं एखादं परदेशी जनावर, समजा आफ्रिकेतलं आर्डवार्क. सांगणाऱ्यानं आर्डवार्कही 'हो, आमच्याकडे आहे' म्हणून सांगितलं, तर त्याच्या बाकी नोंदींपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. त्याला तसं बोलून दाखवायचं नाही, अर्थात. पाहुण्याला नाही म्हणायला जड जातं म्हणूनही माणसं हो म्हणतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं रत्नागिरी जिल्ह्यात खवले मांजरासाठी गावोगावी काम केलं आहे. हीच ती वेळासच्या समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम उभं करणारी संस्था. चिपळूण तालुक्यात शिमग्याच्या थाटात खवल्याची पालखी काढून 'खवलोत्सव' झाल्याचंही अनेकांनी वाचलं असेल. अशा गावांत चौकशी सोपी जाते. जिथं काही काम झालेलं नाही तिथं आधी दोन-तीन भेटी नुसत्या ओळखीसाठी द्याव्यात.

खुणा वाचायला शिका

प्राणी दिसायच्या आधी त्याचं खोदकाम दिसतं. वारुळाच्या बुडाशी किंवा डगरीत अरुंद, कोनासारखं आत निमुळतं होत जाणारं भोक असेल, बाहेर ताजी माती एका बाजूला फेकलेली असेल आणि आत वाळवीच्या घरट्याचा जाळीदार तुकडा दिसत असेल, तर तो चरण्यासाठी केलेला खड्डा. कडेच्या ओल्या मातीवर समांतर ओरखडे मिळतात. पुढच्या पायांच्या मोठ्या नख्यांचे. मऊ धुळीत चालल्याच्या खुणांमधून शेपटी घासत गेल्याची रेघ कधीकधी दिसते.

राहायचं बीळ याहून खोल आणि तोंडाला रुंद. आत प्राणी असताना ते तोंड बऱ्याचदा आतून भुसभुशीत मातीनं बंद केलेलं असतं. त्यामुळे होतं काय, नवखा माणूस 'बुजलेलं, जुनं बीळ' म्हणून त्यावर पाय देऊन पुढे जातो, आणि तोंडावर कोळ्याची जाळी, आत सुकलेली पानं असलेल्या खरोखरच्या सोडलेल्या बिळासमोर आठवडाभर कॅमेरा लावून बसतो. बिळाबाहेर काटे पडलेले असतील, कुरतडलेली हाडं असतील, तर तिथं साळिंदर आहे.

बिळाच्या तोंडावर काटक्यांचा पडदा लावायचा आणि सकाळी तो मोडलाय का बघायचं, ही पद्धत बरेच जण सुचवतात. मी सुचवणार नाही. काटक्या लावायला तोंडाशी जावं लागतं, माणसाचा वास राहतो आणि तुमच्या पायवाटेनं दुसरंही कुणी तिथवर जातं. बिळात काठी घालून खोली मोजणं तर सोडूनच द्या. लांबून फोटो, शेजारी मोजपट्टीऐवजी झाडाचं पान, चढाची दिशा, मातीचा ताजेपणा आणि भोवतीची झाडं एवढी नोंद पुरते.

कॅमेरा ट्रॅप: काय घ्यायचं, कसं बसवायचं

हातात कॅमेरा धरून खवले मांजराचं चित्रण होणं हा नशिबाचा भाग. खरं काम कॅमेरा ट्रॅप करतो, म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा आणि जनावर समोरून गेलं की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा. त्यातला संवेदक हालचाल बघत नाही, तापमानातला हलता फरक बघतो. समोरून जाणाऱ्या अंगाची ऊब आणि मागच्या जमिनीची ऊब यांत जितकी तफावत, तितका तो लवकर जागा होतो. इथं खवले मांजर आपल्याला अडचणीत आणतं. त्याच्या शरीराचं तापमान बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा कमी असतं आणि वरून खवल्यांचं चिलखत. त्यामुळे बिबट्याला पंधरा मीटरवर पकडणारा कॅमेरा याला पाच मीटरवरही सोडून देऊ शकतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात, जमीन रात्रीही तापलेली असताना, हे आणखी बिघडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ म्हणूनच चांगला. फेब्रुवारीनंतर काजूचा हंगाम आणि वणवे, दोन्ही सुरू होतात.

विकत घेताना जाहिरातीतल्या 'फोर-के' आणि मेगापिक्सेलच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा. स्वस्त कॅमेऱ्यांत ते आकडे फुगवलेले असतात. प्रामाणिक १०८० रेषांचा व्हिडिओ पुष्कळ झाला. बघायचं ते हे: हालचाल झाल्यापासून पहिलं चित्र निघायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागावा, आणि रात्रीच्या चित्रणाचे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे ९४० नॅनोमीटरचे असावेत. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड टाकतात, पण अंधारात त्यांची लालसर चमक दिसते. जनावर बिचकतं ते वेगळं, रानातून जाणाऱ्या माणसालाही कळतं की इथं काहीतरी लावलंय. ९४० चं चित्र थोडं दाणेदार येतं. येऊ द्या.

जागा निवडताना बिळाचं तोंड टाळा. हा माझा ठाम आग्रह आहे. पिल्लू असलेल्या मादीला त्रास झाला तर ती पिल्लाला घेऊन जागा सोडू शकते, आणि बिळासमोर बांधलेला कॅमेरा चोरीला गेला तर चोराला बीळ फुकटात मिळतं. त्याऐवजी येण्याजाण्याच्या वाटा शोधा. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, पडलेलं खिंडार, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठची सपाट पट्टी, दोन वारुळांमधली उतारावरची आडवी वाट, देवराईची कड. गडग्याचं खिंडार माझ्या आवडीचं, कारण आसपासची सगळी जनावरं तिथूनच जातात आणि चौकट आपोआप मिळते.

आता प्रत्यक्ष बांधणी. ऐन किंवा किंजळीसारखं मांडीएवढ्या जाडीचं झाड निवडा. कोवळ्या खोडावर लावलेला कॅमेरा वाऱ्यानं हलतो आणि रिकाम्या चित्रांनी कार्ड भरतो. उंची जमिनीपासून ३० ते ४५ सेंटीमीटर. वाटेपासूनचं अंतर अडीच ते तीन मीटर. याहून जवळ आणलं तर बहुतेक कॅमेऱ्यांची फोकसच सुटते. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येत नाही. कॅमेरा वाटेला काटकोनात न ठेवता किंचित तिरका ठेवा, कारण आडवं जाणारं जनावर संवेदकाला चांगलं कळतं, पण अगदी काटकोनात ते चौकटीतून निसटून फक्त शेपूट मिळते. समोरचं गवत आणि करवंदीची एखाददुसरी फांदी हातानं बाजूला करा. कोयता चालवून मैदान करायचं नाही. साफ केलेली जागा लांबून उठून दिसते.

रात्री जवळून गेलेल्या जनावरावर दिव्यांचा उजेड पडून खवले पांढरेफटक होतात आणि तपशील सगळा जातो. त्यावर साधा उपाय: औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या मायक्रोपोर टेपचा एक थर दिव्यांवर लावायचा. फक्त दिव्यांवर. खालच्या फुगीर संवेदकावर किंवा भिंगावर टेप गेली तर कॅमेरा आंधळा.

चाचणी घेतल्याशिवाय जागा सोडू नका. तुम्ही स्वतः रांगून बघितलंत तर कॅमेरा नक्की चालू होईल, कारण तुमचं अंग उबदार आणि मोठं आहे. त्यावरून खवले मांजराबद्दल काही कळत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळा, दोरी बांधा आणि वाटेवरून सावकाश ओढा. ती टिपली गेली तर अंतर बरोबर. नाही टिपली तर अर्धा मीटर पुढे या.

सेटिंगमध्ये तीन फोटो आणि त्यामागून पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, असा मिश्र प्रकार ठेवा. फोटो नोंदीसाठी, व्हिडिओ वागणुकीसाठी. दोन चित्रणांमधला थांबा कमीत कमी ठेवायचा. आवाजाचं ध्वनिमुद्रण बंद करा, याचं कारण पुढे येईल. तारीख आणि वेळ २४ तासांच्या पद्धतीनं भरा आणि निघण्याआधी कॅमेऱ्यासमोर पाटी धरून एक फोटो येऊ द्या: कॅमेऱ्याचा क्रमांक, जागेचा सांकेतिक शब्द, तारीख, वेळ. बाराचा घोळ, म्हणजे दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन यांची उलटापालट, या एका फोटोनं पकडली जाते.

बॅटरीत काटकसर नको. साध्या अल्कलाइन सेलचा दाब (व्होल्टेज) हळूहळू उतरतो आणि रात्रीचे व्हिडिओ आठवड्याभरात काळवंडतात, दिवसाचे मात्र छान येत राहतात. त्यामुळे कॅमेरा चालू आहे असा भास होतो, आणि निशाचर प्राणी तेवढे नेमके निसटतात. लिथियम सेल महाग, पण शेवटपर्यंत दाब धरून ठेवतात.

कोकणातला कॅमेऱ्याचा खरा शत्रू म्हणजे मुंग्या. कवच उघडावं तर आत अंड्यांसकट अख्खं घर. आंब्याच्या किंवा काजूच्या झाडावर ओंबील, म्हणजे पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, असतील तर ते झाड सोडाच. वानरंही पट्टा ओढून कॅमेरा आकाशाकडे करून जातात. पट्ट्याबरोबर एक पक्की दोरी बांधली की काम भागतं. कवचावर मराठीत चिठ्ठी हवी: 'वन्यप्राणी अभ्यासासाठी, वनविभागास कळवून लावलेला कॅमेरा', खाली फोन नंबर. कुठल्या प्राण्यासाठी, ते लिहू नका.

फेऱ्या

दर दहा-पंधरा दिवसांनी एक फेरी, तीही भर दुपारी, दोघांनी मिळून. डास पळवायचं मलम, अत्तर, विडी-तंबाखू त्या दिवसापुरतं बाजूला. जुनं कार्ड काढा, नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, भिंग मऊ फडक्यानं पुसा, बॅटरीचा आकडा लिहा आणि निघा. मोबाइलला कार्ड जोडून तिथंच बघत बसायचा मोह सगळ्यांना होतो. घरी बघा. जाताना-येताना वाट बदला, नाहीतर महिन्याभरात तुमच्या पायांनीच पायवाट तयार होते.

कार्डावर माणसंही येतात. लाकूडफाट्याला आलेल्या बायका, परसाकडे गेलेला माणूस, एखादं जोडपं. हे कुणालाही न दाखवता काढून टाकायचं; गावाचा विश्वास यावरच टिकतो. बंदूक किंवा फासकी घेतलेला माणूस दिसला तर गोष्ट वेगळी. त्याला गाठून जाब विचारायचा नाही, गटावर फोटो टाकायचा नाही. मूळ कार्ड फॉरमॅट न करता बाजूला ठेवा, प्रत काढा आणि वनक्षेत्रपालांना प्रत्यक्ष भेटून द्या. पुरावा म्हणून मूळ कार्डच लागू शकतं.

समोरासमोर गाठ पडली तर

विजेरीवर लाल कागद किंवा लाल काच. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे वाहतोय ना ते बघा; उलट असेल तर आहात तिथंच थांबा. डोळ्यांपेक्षा नाकानं जगणारा प्राणी हा, दबकत जाऊन उपयोग नाही. बसून घ्या, आवाज नको, झगझगीत पांढरा फ्लॅश तर नाहीच. चरत असेल तर पाच-दहा मिनिटं चित्रण करा आणि त्याला जाऊ द्या. मागून चालत जायचं नाही. तुम्ही पाठलाग केलात तर तो बिळाकडे जाईल, आणि मग बीळ तुम्हाला ठाऊक झालं. अभ्यासाला त्याचा फारसा फायदा नाही, धोका मात्र वाढला.

विहिरीत पडलेलं, रस्त्यावर सापडलेलं किंवा कुणी घरात डांबून ठेवलेलं खवले मांजर दिसलं तर १९२६ या वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर फोन करा. माणसं येईपर्यंत सावली, अंधार आणि शांतता. दूध पाजू नका, फळं ठेवू नका, पोरांना सेल्फी काढू देऊ नका. असं सुटका केलेलं जनावर सोडतानाचं चित्रण माहितीपटात वापरलंत तर ते सुटका केलेलं आहे हे पडद्यावर सांगा. पिंजऱ्यातलं किंवा नुकतंच सोडलेलं जनावर रानातलं म्हणून खपवणं हा या धंद्यातला जुना रोग आहे.

चित्रफितीचा अभ्यास कसा होतो

गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात चॅम्पियन नावाच्या वन अधिकाऱ्यानं उत्तर भारतात वाटेवर तार लावून, वाघाच्या पायानं ती ओढली की फ्लॅश उडेल अशी सोय करून वाघांचे फोटो काढले. नव्वदच्या दशकात वन्यजीव शास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपमधल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधला. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास चित्रं मिळाली. हे सगळं पट्ट्यांमुळे जमलं. खवले मांजराला पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. एकाच कॅमेऱ्यात सहा वेळा दिसलेलं जनावर एक की सहा, हे चित्रावरून सांगता येत नाही. 'आमच्या गावात इतकी खवले मांजरं आहेत' असा आकडा कुणी कॅमेऱ्याच्या जोरावर सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मग काय सांगता येतं? एक कॅमेरा एक पूर्ण दिवस-रात्र चालला की एक 'ट्रॅप-रात्र' धरतात. एकाच कॅमेऱ्यात एकाच जातीची दोन चित्रं अर्ध्या तासाहून कमी अंतरानं आली तर ती एकच भेट. समजा १० कॅमेरे ३० रात्री चालले, म्हणजे ३०० ट्रॅप-रात्री, आणि खवले मांजराच्या ६ स्वतंत्र भेटी मिळाल्या. दर १०० ट्रॅप-रात्रींमागे २ भेटी. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच उंचीवर कॅमेरे लावले तर हा आकडा ताडून बघता येतो. कॅमेरा बंद पडलेल्या रात्री वजा करायला विसरू नका. रोज दुपारी बाराला एक फोटो आपोआप निघेल अशी सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, त्यावरून तो कुठल्या दिवशी थांबला ते कळतं.

दुसरा मार्ग उपस्थितीचा. परिसराचे एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनात कॅमेरा लावा, जिथं 'इथं काय असणार' असं वाटतं तिथंही. मग कुठल्या चौकोनात दिसलं, कुठल्यात नाही, तिथं वारुळं किती, रानतोड कधी झाली, वणवा गेला का, हे शेजारी शेजारी मांडलं की उत्तरं मिळायला लागतात. न दिसल्याची नोंद हीसुद्धा नोंद असते. हौशी मंडळी नेमकी तीच फेकून देतात आणि उरतात नुसत्या छान क्लिपा. त्यांतून अधिवासाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

वागणुकीसाठी प्रत्येक व्हिडिओ निदान दोनदा बघा आणि जे दिसतं तेवढंच लिहा. नमुन्यादाखल एक ओळ: 'के-०७, १४ जानेवारी, २३:४२, एक प्रौढ, डावीकडून उजवीकडे, नाक जमिनीला, ४ सेकंद थांबून उजव्या पायानं उकरलं, वाळवी दिसत नाही, ढगाळ.' 'भूक लागलेलं खवले मांजर वारूळ शोधतंय' हे वाक्य नोंदवहीत नको, निवेदनात हवं तर घाला. मादी की नर हे अशा चित्रातून बहुधा ठरत नाही. शेपटीवर पिल्लू असेल तर मात्र मादी आणि महिना ठळक लिहा, कारण पिल्लांच्या हंगामाच्या रानातल्या नोंदी मोलाच्या आहेत.

फाइलींची नावं जागेचा संकेत, कॅमेरा क्रमांक आणि तारीख अशी. 'के-०७' म्हणजे कुठली वाडी, हे मात्र संगणकात कुठंही लिहायचं नाही. त्याची यादी एका कागदी वहीत, घरात. सगळ्या मूळ फाइलींच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत.

दाखवायचं किती

प्रसिद्ध करण्याआधी क्लिप एका अनोळखी पण गावाकडच्या माणसाला दाखवा आणि विचारा, हे कुठलं? मागं देवळाचा कळस, मोबाइल टॉवर, ओळखीची डोंगररांग किंवा गडग्याची विशिष्ट बांधणी दिसत असेल तर तो पटकन सांगेल. मग चौकट कापा. आवाज बंद ठेवायला सांगितलं होतं ते याचसाठी: रात्रीच्या क्लिपमध्ये लांबून भजन किंवा देवळातल्या कर्ण्यावर गावाचं नाव ऐकू येतं. कॅमेऱ्याच्या पट्टीवरची तारीख झाका. मोबाइलवरून फोटो काढत असाल तर लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या फोटोसोबत जागेची माहितीही जाते. ठिकाण म्हणून 'कोकण' एवढंच पुरे. तालुकाही नको. आणि हंगाम संपून कॅमेरे निघेपर्यंत काही टाकू नका.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींची जागा आपोआप धूसर होते, साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात. पण वर्णनात तुम्हीच गावाचं नाव लिहिलंत तर त्या धूसरपणाला काही अर्थ उरत नाही. नेमक्या जागांसह पूर्ण अहवाल जायला हवा तो वनविभागाकडे, बंद पाकिटात. जमीनमालकाला त्याच्या रानात काय काय दिसलं याची छापील पानं द्या, साळिंदर-भेकरासकट. खवले मांजराचा एखादा चांगला फोटो त्याला द्यायचा की नाही हे माणूस बघून ठरवा. काही जण तो भिंतीवर लावतात आणि रान तोडायचं पुढे ढकलतात, काही जण दुसऱ्याच दिवशी स्टेटसला ठेवतात.

मे अखेर

पहिला वळीव पडायच्या आत सगळे कॅमेरे उतरवा. जलरोधक लिहिलेलं असलं तरी कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात बुरशी भिंगाच्या आतून चढते. सेल काढून ठेवा, कवचातल्या रबरी पट्ट्या पुसून त्यावर किंचित सिलिकॉन ग्रीस लावा, मुंग्यांची माती दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅमेरे ठेवून द्या. पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करून घेतल्या की पुन्हा चालतात. कागदी पुडी असेल तर आतले दाणे काढून तापवा. झाडांना बांधलेले पट्टे आणि दोऱ्या एकही मागे राहता कामा नये. डब्यावर प्रत्येक कॅमेऱ्याची तक्रार लिहून चिकटवा: अमक्याचा दिवा मंद, तमक्याचं घड्याळ महिन्याला चार मिनिटं मागे पडतं. ऑक्टोबरात, भातकापणी उरकून सोबतीला येणारी माणसं मोकळी झाली की त्याच यादीवरून दुरुस्तीला लागता येतं.